हरणाऱ्याचा गल्ला

हॉलिनबेक टाउन दोन गोलांनी पुढे होतं आणि पंचाची शेवटची शिट्टी आता वाजेल, मग वाजेल, अशा बेताला पूर्वेकडच्या स्टँडमधलं गाणं मधेच तुटलं. आधी एका कोपऱ्यातलं, मग शेजारचं, मग वरच्या रांगांमधलं. वेंडी रॅम्सडेन मालकाच्या खुर्चीत पुढे वाकून बसली होती, ती तशीच राहिली. मैदानावर काहीच घडलं नव्हतं, चेंडू आपल्याच पोरांच्या पायात होता. पण लोक मैदानाकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या माना हातातल्या फोनमध्ये गेल्या होत्या. दूर कुठल्याशा दुसऱ्या मैदानावर, तिने कधी न पाहिलेल्या कुणा पोराने शेवटच्या घटकेला डोक्याने चेंडू जाळ्यात ढकलला होता, आणि तेवढ्याने हॉलिनबेक दुसऱ्या नंबरवरून तिसऱ्यावर आलं होतं. जिंकून. कुणी त्यांना हरवलं असतं तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. इथे समोर कुणी नव्हतंच. ती शांतता माणसांवरून सरकत सरकत तिच्यापर्यंत आली, आणि तिच्या तोंडात एकदम गार चहाची चव आली. शेजारी बसलेला क्लाइव्ह पिकल्स, क्लबचे हिशेब गेली वीस वर्षं बघणारा, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसत म्हणाला, "तिसरे. बाई, आपण तिसरे."

"ऐकू आलं मला."

"म्हणजे प्ले-ऑफ."

"क्लाइव्ह, मी या खेळात जन्मले. प्ले-ऑफ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच, आणि तोच तर ताप होता. खाली मैदानात लोक धावत येणार म्हणून बाजूला उभे केलेले पोलीस आता उगाचच एकमेकांशी बोलत होते. पहिले दोन थेट वरच्या लीगमध्ये जातात; दुसऱ्या नंबरवर राहणं आणि तिसऱ्यावर घसरणं, यात गुणतक्त्यावर एका ओळीचा फरक. तिच्या डोक्यात मात्र दोन वेगवेगळे उन्हाळे एकमेकांशेजारी उभे होते. पहिल्या उन्हाळ्यात उद्या सकाळी खिडकी उघडायची आणि पुढच्या मोसमाची तिकिटं वरच्या लीगच्या भावाने विकायला काढायची, लोक रांग लावून घेतील. शर्टावर नाव टाकणारा जाहिरातदार दुप्पट देईल. बँकेचा तो गोड बोलणारा साहेब स्वतः चालत येईल आणि क्लबचं कर्ज आपल्याकडे वळवून घेईल, त्याला कागद करायला सहा आठवडे लागतात आणि सहा आठवडे हातात असतील. दुसऱ्या उन्हाळ्यात तसलं काहीच नाही. तिकीट कुठल्या भावाने विकायचं ते माहीत नाही म्हणून विकता येत नाही. अर्ध्या खेळाडूंचे करार जूनमध्ये संपतात, त्यांना राहा म्हणता येत नाही, जा म्हणता येत नाही. बाकी सगळे सुटीवर जातात आणि आपण पगार मोजत तीन आठवडे आणखी खेळत राहायचं, चार संघांतून एकाने वर जायचं. बक्षीस तेच. पण उशिरा मिळणारं. टीव्हीचा पैसा ऑगस्टमध्ये येतो, आणि ज्या लंडनच्या सावकार कंपनीचं हे कर्ज, तिचा हप्ता जूनच्या अखेरीला. तारीख चुकली तर क्लबचं गहाण टाकलेलं टेंटर लेनचं मैदान त्यांचं. त्यांना फुटबॉल नको होता, जमीन हवी होती. तिथे बांधायच्या घरांच्या नकाशांवर झाडंसुद्धा काढून झाली होती, छोटी, गोल, हिरवी. वेंडीने तो नकाशा एकदा पाहिला होता आणि तेव्हापासून तिला असली गोल झाडं कुठेही दिसली की अंगावर काटा येई.

पाहुण्यांच्या खोलीत ऑलिव्हने आजच्यासाठी म्हणून कपाटातले सोनेरी काठाचे कप काढले होते. ऑलिव्ह या खोलीत पॅटिस आणि चहा वेंडीच्या वडिलांच्या काळापासून वाढत आली होती, आणि वेंडीला 'पोरी' म्हणणारं गावात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. वेंडी दारात आली तेव्हा ऑलिव्ह ते कप परत कपाटात ठेवत होती.

"राहू देत बाहेर," वेंडी म्हणाली.

"अगं पण पोरी, आता कसले..."

"तीन आठवड्यांनी लागणार आहेत. उगाच आत-बाहेर करून फोडशील एखादा."

ऑलिव्हने तिच्याकडे निरखून पाहिलं. "हॅरल्डची हनुवटी आली तुझ्या तोंडावर," ती म्हणाली, आणि मटन-बटाट्याचं गरम पॅटिस तिच्या हातात कोंबलं. "खा. रिकाम्या पोटी हट्ट टिकत नाही."

हॅरल्डची हनुवटी. वडिलांची. वेंडी घरी जाताना गाडीच्या आरशात ती बघत राहिली. हॉलिन्स रोडवरचं घर चढावर होतं, तिथून मैदानाचे चारही दिवे दिसत. वडिलांनी बिस्किटांचा कारखाना चांगला चालत होता त्या काळात ते बांधलं आणि पुढे कारखाना विकला तरी घर विकलं नाही. शेजारचा दंतवैद्य दर नाताळला एक बाटली घेऊन येई आणि घराचा विषय काढी, रोख देतो म्हणे, त्याला दोन्ही बागा एक करायच्या होत्या. दर नाताळला वेंडी बाटली ठेवून घेई आणि विषय परत करी. वडिलांची टोपी अजून खुंटीला होती. ती टोपी तिने एकदाच त्यांच्या डोक्याऐवजी तोंडावर पाहिली होती, आणि ते दृश्य तिला आठवायला नको असे तेव्हाच नेमकं आठवे. ती तेव्हा चोविशीची होती. हॉलिनबेक असंच प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं होतं आणि राजधानीतल्या मोठ्या मैदानावर एका गोलाने हरलं होतं. बसमध्ये ती वडिलांच्या शेजारी होती. खेळाडूंपैकी कुणी रडत होतं, कुणी संत्रं सोलत होतं, त्या संत्र्याचा वास सगळ्या बसमध्ये भरला होता आणि त्या वासाचा तिला राग येत होता. तेवढ्यात उघड्या खिडकीतून एक हात आत आला. जाडजूड, केसाळ, सिगारेटने पिवळी झालेली बोटं. जिंकलेल्या क्लबचा अध्यक्ष होता तो. "सोमवारी पोचेल, हॅरल्ड," एवढंच म्हणाला. वडिलांनी तो हात दोन्ही हातांत धरला, आणि तो निघून गेल्यावर टोपी काढून तोंडावर घेतली ती अर्ध्या वाटेपर्यंत तशीच.

हा रिवाज बाहेरच्या लोकांना फारसा माहीत नसतो. अंतिम सामन्याचा गल्ला, म्हणजे तिकिटांचा पैसा, दोन्ही क्लबांत वाटला जातो. पण जो वर जातो त्याच्यापुढे टीव्हीच्या पैशाचा डोंगर असतो, आणि जो हरतो तो रिकाम्या हाताने त्याच खड्ड्यात परततो. म्हणून सामन्याआधी दोन्ही अध्यक्ष एकमेकांना फोन करतात आणि शब्द देतात, जिंकेल त्याने आपला वाटा हरेल त्याला द्यायचा. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. पूर्वेच्या स्टँडवरचं छप्पर त्या पैशाने झालं. गावातल्या लोकांनी त्या छपराखाली बसून पाऊस चुकवला, लग्नाच्या मागण्या घातल्या, बापांच्या अस्थींची राख चोरून गोलाच्या मागे टाकली, आणि कुणालाही माहीत नव्हतं की ते हरल्याचं छप्पर आहे. वेंडीला माहीत होतं. वीस-बावीस वर्षं तिला ते छप्पर पाहिलं की खिडकीतून आलेला तो हात दिसे, आणि लाज वाटे. भीक घातली आम्हाला, असं तिला वाटे. बापाने ती दोन्ही हातांनी घेतली, असं वाटे. क्लब तिच्याकडे आला तेव्हा तिने स्वतःशी ठरवलं होतं की आपल्या बसच्या खिडकीत असा हात कधी येऊ द्यायचा नाही.

उपांत्य फेरीचे दोन्ही सामने तिने उभ्याने पाहिले. पहिल्यात बरोबरी झाली, दुसऱ्यात हॉलिनबेकने शेवटपर्यंत ओढून धरलं आणि एकाच गोलाने काढलं. त्या तीन आठवड्यांत तिने पगार केले, खेळाडूंच्या बायकांना ऑलिव्हच्या हातचे केक पाठवले, आणि सावकार कंपनीच्या माणसाला, तो फोनवर "शुभेच्छा हं" असं फार मऊ आवाजात म्हणाला तेव्हा, "त्या तुम्हालाच लागतील," असं उत्तर दिलं. आपण एवढ्या ठाम कशा, याचं तिचं तिलाच अधूनमधून नवल वाटे. भांडी घासताना हात मधेच थांबत. आपण ठाम आहोत की नुसतं थांबायला घाबरतोय? मग ती पुढचं भांडं घेई.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात डेरेक पास्कोचा फोन आला. वेस्टरमथ अ‍ॅथलेटिकचा अध्यक्ष, दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा, बोटींच्या धंद्यात गबर झालेला. लीगच्या बैठकांमध्ये तो वेंडीच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकून बसे आणि ती दरवेळी खुर्ची पुढे ओढून घेई. क्लाइव्ह समोर बसला होता, तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"काय बाईसाहेब, तयारी काय म्हणते?"

"चाललीय. तुमची?"

"आमची कसली तयारी, आम्ही वर चाललोच आहोत. म्हटलं, ते जुनं ठरवून टाकू. जिंकणाऱ्याचा वाटा हरणाऱ्याला. तुम्हाला नाही म्हणवणार नाही."

"का बरं?"

"अहो, उपयोगी पडेल. तुमच्या वडिलांना पडला होता की." पास्को खळखळून हसला. "आणखी एक छप्पर बांधा. पश्चिमेला उघडंच आहे ना अजून?"

खोलीतलं घड्याळ, क्लाइव्हच्या पेनाचं टोपण, बाहेर गवत कापायच्या यंत्राचा आवाज, सगळं एकदम फार स्पष्ट ऐकू येऊ लागलं. म्हणजे छपराचं त्यांना माहीत होतं. सगळ्या अध्यक्षांना, सगळ्या बैठकांमध्ये, इतकी वर्षं. तिचे कान तापले. लहानपणी वर्गात कुणीतरी तिचा जुना शिवलेला कोट ओळखला होता तेव्हा असेच तापले होते.

"कबूल," ती म्हणाली. "जिंकणाऱ्याचा वाटा हरणाऱ्याला. माझा शब्द."

"वा. हॅरल्डची पोरगी शोभता."

फोन बंद झाल्यावर क्लाइव्हने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढून तो बोले तेव्हा वाईट बातमी असे. "बाई, जरा हे बघा. आपण हरलो, तर दोन्ही वाटे आपल्याला. हप्ता भागतो, मैदान वाचतं. आपण जिंकलो, तर ऑगस्टपर्यंत हातात दमडी नाही. तिकिटांचं जे येईल ते बढतीच्या बोनसात जाईल, तो खेळाडूंना त्याच आठवड्यात द्यायचा. बँकेला सहा आठवडे हवेत, आणि सामन्यानंतर हप्त्याला राहतात चार. आपला स्वतःचा वाटा जवळ ठेवला तरच जमेल. तो तुम्ही आत्ता देऊन बसलात."

"थेट वर गेलो असतो तर हे काहीच नव्हतं," ती म्हणाली.

"थेट गेलो असतो तर मी आत्ता स्पेनमध्ये पाय पसरून बसलो असतो." तो हसला नाही. "बाई, हरलो तर वाचतो आपण. असला हिशेब मी जन्मात पाहिला नाही."

ती उठून खिडकीशी गेली. पूर्वेच्या स्टँडवरच्या छपराचे पत्रे उन्हात चमकत होते. एक क्षण, एकच, तिच्या मनात आलं की हरलो तर किती सोपं होईल. तो विचार गरम पाण्यात पाय सोडावेत तसा सुखाचा होता. मैदान राहील, घर राहील, खुंटीवरची टोपी राहील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघू. त्याच क्षणी तिला स्वतःचा इतका संताप आला की तिने खिडकीची कडी उगाचच लावली आणि उघडली. तिसऱ्या नंबरला येऊन वर जायचं होतं तिला. पास्कोच्या नाकावर टिच्चून जायचं होतं. आणि मग त्याच्या हातावर गल्ला ठेवून तिला एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिने तिथेच, खिडकीशी, मनात रचलं. 'घ्या पास्को. छप्पर बांधा.'

"जिंकलो तर बघू काय करायचं ते," ती म्हणाली.

"बघू म्हणजे?"

"म्हणजे जिंकू, आणि मग बघू."

पुढचे दिवस ते वाक्य तिच्याबरोबर राहिलं. ती ते जिना चढताना म्हणे, दात घासताना म्हणे. कधी हळू, कधी जरा हसून, कधी त्याच्यासारखंच खळखळून. राजधानीला जायच्या दिवशी तिने नवे बूट घातले, टाचेचे, घट्ट, कारण ते वाक्य जुन्या बुटांत बोलायचं नव्हतं.

सामना तिला नीट आठवत नाही. समोर हिरवं, दोन बाजूंना दोन रंगांची माणसं, आणि पायांची आग. उत्तरार्धात पास्कोच्या पोराने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला तेव्हा झालेला आवाज तेवढा आठवतो. कुणी रिकामं पिंप लाथाडावं तसा. मग जादा वेळ. मग हॉलिनबेकच्या मधल्या फळीतल्या बुटक्या खेळाडूचा एक घाणेरडा, अडखळत, दोन पायांमधून गेलेला गोल. क्लाइव्हने, ज्याने वीस वर्षांत तिच्याशी हस्तांदोलनापलीकडे काही केलं नव्हतं, तिला मिठी मारली आणि लगेच माफी मागितली. ऑलिव्ह दोन रांगा मागे बसून, मोठ्याने, नाक शिंकरत रडत होती. वेंडीला रडू आलं नाही. आनंद झाला, छाती फुटेल इतका झाला, आणि त्या आनंदाच्या मधोमध ते वाक्य वाट बघत बसलेलं होतं.

वरच्या खोलीत पास्को दिसला नाही. हस्तांदोलनाला आला नाही, चहाला आला नाही. "गेला खाली," कुणीतरी म्हणालं. क्लाइव्ह तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. त्याचे डोळे अजून ओले होते, पण आवाज हिशेबाचा झाला होता.

"बाई, मी शेवटचं सांगतो. कागदावर काही नाही. तो स्वतः मागायला येणार नाही, त्याला तोंड नाही तेवढं. दोन महिने थांबा म्हणा. ऑगस्टमध्ये देऊ, व्याजासकट देऊ. कुणी नावं ठेवणार नाही."

"हॅरल्डला सोमवारी पोचला होता," ती म्हणाली.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"असेल," ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली.

बसेसच्या तळावर वेस्टरमथची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. वेंडी टाचांवर लंगडत तिच्याजवळ गेली. खिडक्या काळ्या काचेच्या, घट्ट बंद. आताच्या बसेसच्या खिडक्या उघडत नाहीत, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वेळा मनात ते घडवलं, त्यात हात नेहमी खिडकीतूनच आत गेला होता. तिने काचेवर टकटक केलं. आतून कुणीतरी बघितलं आणि मान फिरवली. तिला दारापाशी जाऊन चालकाला विनवावं लागलं, आणि मग ती हरलेल्या माणसांच्या बसमध्ये चढली.

आत घामाचा, मलमाचा, ओल्या मोज्यांचा वास होता, संत्र्याचा नव्हता. खेळाडूंनी तिच्याकडे पाहिलं आणि ती कोण ते ओळखून खाली पाहिलं. डेरेक पास्को तिसऱ्या रांगेत एकटा बसला होता. त्याने बूट काढून ठेवले होते. महागाचा सूट, सोन्याचं घड्याळ, आणि खाली करड्या मोज्यांतले दोन सुजलेले पाय. एका मोज्याला अंगठ्यापाशी रफू केलेलं होतं, हाताने, जरा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. त्याने तिला पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती ही की पाय सीटखाली ओढून घेतले.

ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. चार शब्दांचं, आठवडाभर घासून लखलखीत केलेलं. पास्कोला ते येणार हे कळलं होतं. त्याने हनुवटी वर केली होती आणि तो त्याची वाट बघत होता, जसा माणूस दंतवैद्याकडे तोंड उघडून बसतो. आणि तिला एकदम वडिलांच्या तोंडावरची ती टोपी दिसली, अगदी जवळून, तिच्या अस्तरावरच्या घामाच्या डागासकट. वडील हरल्यामुळे रडत नव्हते. इतकी वर्षं ती बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून होती आणि तिला हे कळलं नव्हतं. त्या जाड, पिवळ्या बोटांच्या माणसाने काहीच टोमणा मारला नव्हता. तो नुसता आला होता.

तिने हात पुढे केला. "सोमवारी पोचेल, डेरेक."

पास्को तिच्या हाताकडे बघत राहिला. "फोन केला असतास तरी चाललं असतं," तो शेवटी म्हणाला. आवाज बसला होता. बाईसाहेबही गळलं होतं आणि अहो-जाहोही.

"फोनवर शब्द दिला होता. द्यायला यावं लागतं."

"मला वाटलं, विसरशील."

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. ते खरं होतं.

त्याने हात धरला. एकाच हाताने, पण बराच वेळ. मग मागच्या रांगेतून कुणीतरी नाक ओढलं आणि त्याने तो सोडला, आणि ती खाली उतरली.

हॉलिनबेकची बस लांबूनच गात होती. खेळाडू खिडक्यांवर हात बडवत होते, ऑलिव्ह पुढच्या सीटवर बसून सोनेरी काठाच्या कपातून काहीतरी पीत होती. कप तिने पिशवीत घालून आणले होते, गावाहून, कुणाला न सांगता. क्लाइव्ह दारातच उभा होता. तिचा चेहरा पाहून त्याला कळलं.

"मग हप्त्याचं काय सांगू?" तो म्हणाला.

वेंडी खिडकीशी बसली. बाहेर हजारो लोक निळे रुमाल हलवत चालले होते, त्यांतले कितीतरी उद्या रांगेत उभे राहतील, वरच्या लीगच्या भावाने तिकिटं घेतील, आणि त्या छपराखाली बसतील. चढावरचं घर तिला आठवलं. खुंटी आठवली. पण ते ठरवायला तिला आता वेळ लागला नाही. कदाचित आठवड्यापूर्वीच, खिडकीची कडी लावता-उघडताना, ते ठरलं होतं.

"दंतवैद्याला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, घर घे. रोख लागतील, याच महिन्यात. खुंटीवरची टोपी तेवढी माझी."

"आणि राहशील कुठे गं पोरी?" ऑलिव्ह पुढून म्हणाली. तिचे कान अजून तिखट होते.

"तुझ्या वरच्या मजल्यावर. चढाव नाही तिथे."

"भाडं घेईन हं मी."

"घे की," वेंडी म्हणाली, आणि वाकून तिने बूट काढले.